हिरवी चिठ्ठी मिस्टरांना, लाल मला: या बीएमआयचं करायचं काय?

विश्रामबागची_ताई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज डोकं तापलंय म्हणून लिहितेय. दिवाळीनंतर आमच्या कॉलनीत आरोग्य शिबिर झालं, कुणी भरवलं ते सोडा. एक वजनकाटा, भिंतीला चिकटवलेली उंचीची पट्टी आणि मोबाईलवर बोटं मारून बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढणारा एक पोरगा. मी १५८ सेंमी, ६९ किलो, म्हणजे २७.६, लाल चिठ्ठी, वर शिक्का "लठ्ठ". मिस्टर १७० सेंमी, ६५ किलो, म्हणजे २२.५, हिरवी चिठ्ठी, "उत्तम". ती हिरवी चिठ्ठी घरी येऊन फ्रीजवर मॅग्नेट लावून चिकटवली गेली आणि मी भाताचा दुसरा घास घेतला की बोट तिकडं जायचं.

आता मी कोण ते सांगते. कॉलेजात जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेय, अजून शाळेतल्या पोरींना शिकवते, स्वतः खांबाला सूर मारून दाखवते, रोज पहाटे आमराईत चार फेऱ्या. वय ४४. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात गादीवर बसून, चहा किती होतात ते त्यांनाच ठाऊक. हातपाय काडीसारखे आणि मधे माठ ठेवल्यासारखं पोट, पण शर्ट बाहेर काढला की कुणाला दिसत नाही.

फेब्रुवारीत त्यांची दाढ काढायची होती, दाताच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासून आणा म्हणाले. उपाशीपोटी साखर १६८, तीन महिन्यांची सरासरी ८.१, म्हणजे मधुमेहच. मग मी पण रागानं माझी तपासून घेतली, ९१. बीपी ११८/७६.

आता मला सांगा, ती हिरवी चिठ्ठी नसती तर हा माणूस आधीच तपासायला गेला असता का नाही? हा बीएमआय नक्की काय मोजतो?

कंदी_पेढा:
ताई आधी ती चिठ्ठी फ्रीजवरून काढली का ते सांगा 😄

विश्रामबागची_ताई:
नाही, तिच्या शेजारी रिपोर्ट लावलाय.

तालीमवाला_पलूस:
ताई लई बरोबर बोलला. आमच्याकडं या, तालमीतली निम्मी पोरं लाल चिठ्ठीवाली हायत. आमचा एक पठ्ठ्या, उंची १७५, वजन १०२, म्हणजे ३३ च्या वर झालं की ओ. पहाटे चारला उठून हजार बैठका, दोनशे जोर, वर माती खोदायची, दोर चढायचा. त्याला तुमचं ते मशीन म्हणणार तू लठ्ठ. काय नादखुळं मशीन हाय. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंना काट्यावर उभं केलं असतं तर काय शिक्का मारला असता या पोरांनी? बीएमआय बीएमआय काय न्हाय, कपडे काढून माणूस बघा, कळतंय.

काठावरचा_माणूस:
पैलवान, राग मानू नका, पण हाच मुद्दा मला दर वेळी ऐकावा लागतो आणि सांगणारा कधीच पैलवान नसतो. आमच्या ऑफिसात एकजण ९४ किलो, लिफ्टनं पहिल्या मजल्यावर जातो, आणि बीएमआयचा विषय निघाला की म्हणतो, "माझी हाडं जड आहेत." अहो हाडं किती जड असणार, माणसाचा अख्खा सांगाडा वाळवून ठेवला तर चार-पाच किलोच्या आतबाहेर भरतो. लाखात चार पैलवान, आणि त्यांच्या आडोशाला उरलेले सगळे लपून बसतात. साधं, फुकटचं, काटा आणि पट्टीवर होणारं गणित आहे, लोकांच्या मोठ्या घोळक्यावर लावलं तर मधुमेह, बीपी, हार्ट यांचा अंदाज बऱ्यापैकी येतो. ताईंचं उदाहरण खरं असेल, पण एका घरावरून पद्धत मोडीत काढायची का?

विश्रामबागची_ताई:
मी लपत नाहीये हो दादा. मला शिक्क्याचं काही वाटत नाही, मला त्या हिरव्या चिठ्ठीचा राग आहे. लाल चिठ्ठी मिळालेला माणूस निदान घाबरून दोन तपासण्या करतो. हिरवीवाला फ्रीजवर लावतो.

दवाखाना_रहिमतपूर:
ताईंनी शेवटच्या ओळीत नेमकं दुखणं पकडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, पेशंट कमी आहेत आज, बाजाराचा दिवस नाही.

हे सूत्र कुणा डॉक्टरनं काढलेलं नाही. १८३०च्या दशकात केतले नावाचा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता, त्याला "सरासरी माणूस" कसा असतो ते शोधायचं होतं. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं त्याला दिसलं. चरबी, साखर, आजार यांच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पुढं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी उंची-वजनाचे तक्ते केले, ते बरीच वर्षं चालले. मग १९७२ मध्ये ॲन्सेल कीज आणि मंडळींनी पाच देशांतल्या सात हजारांवर माणसांची मापं घेऊन वेगवेगळी सूत्रं तपासली आणि केतलेचं जुनं सूत्र त्यातल्या त्यात बरं ठरवलं, बॉडी मास इंडेक्स हे नाव तिथून. आणि ते सात हजार सगळे पुरुष होते बरं का, एकसुद्धा बाई नाही. बाईच्या अंगात त्याच बीएमआयला पुरुषापेक्षा चरबी मुळातच जास्त असते, तरी पट्टी दोघांना एकच.

रेषा कुठं मारायची हे पण माणसांनी ठरवलेलं आहे. १९९८ पर्यंत अमेरिकेत "जास्त वजन" पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ पासून धरायचे, त्या वर्षी ती रेषा २५ वर आणली आणि कोट्यवधी लोक झोपेतच जाडे झाले, एक किलोसुद्धा न वाढता.

आता आपल्याकडचं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञांनी सांगितलं की आशियाई लोकांत धोका आधीच सुरू होतो, तेव्हा २३ आणि २७.५ हे आकडे पण लक्षात घ्या. भारतातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमतानं २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठ असं धरलं. म्हणजे ताई, शिबिरातल्या पोरानं तुम्हाला लठ्ठ म्हटलं ते आपल्या पट्टीनं चुकीचं नाही, परदेशी पट्टीनं तुम्ही नुसत्या "जास्त वजन" मध्ये बसला असता. आणि मिस्टर दोन्ही पट्ट्यांनी नॉर्मल. गंमत तिथंच आहे.

काठावरचा_माणूस:
मग आपली रेषा खाली आणून पण मिस्टर निसटलेच की. डॉक्टरसाहेब, याचा अर्थ रेषेचा दोष नाही, मापाचाच आहे?

दवाखाना_रहिमतपूर:
बरोबर. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सेम. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! काट्यावर दोघे भाऊ-भाऊ.

याला बारीक-पण-चरबीवाला भारतीय म्हणतात आणि हे आईच्या पोटात असल्यापासून सुरू होतं असं याज्ञिकांचं म्हणणं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि पुढं त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजन जिथं कमी पडलं ते स्नायूत आणि आतल्या अवयवांत, चरबी बाळानं त्या मानानं राखून ठेवलेली. दुष्काळी भागातल्या बाईला हे समजावायला वेळ लागत नाही, घरात दाणे कमी असले की आधी कणगीचं तोंड बंद करतात तसं शरीर करतं.

पुढं हाच माणूस पेढीवर बसला की पहिली चरबी यकृताभोवती, आतड्याभोवती. हातापायावर काहीच नाही. म्हणून वजन वाढत नाही, घेर वाढतो. हीच पोटातली चरबी इन्सुलिनला दाद देत नाही. बीएमआय ३० च्या पुढं गेला असेल तर त्या माणसात चरबी जास्त असण्याची शक्यता खूप, तिथं तो सहसा खोटं बोलत नाही, पैलवान सोडून. पण ३० च्या खाली आहे म्हणून चरबी कमी असं म्हणायला गेलं तर जास्त चरबीवाले निम्म्याच्या आसपास हातातून निसटतात. म्हणजे काठावरच्या दादांचं पण बरोबर आणि ताईंचं पण, चूक दोन्ही बाजूंना होते, पण जास्त करून हिरव्या बाजूला.

तालीमवाला_पलूस:
डॉक्टर, तुम्ही लिवलंत ते दोनदा वाचलं. आता एक खरं सांगतो, मघाशी तावातावात लिवलं न्हवतं. तालीम सोडल्यावर काय होतंय ते. आमच्याच वस्तादांचं बघा, पस्तिशीत गुडघा गेला, कुस्ती सुटली. खुराक कुठं सुटतोय? दीड लिटर दूध, तूप, बदामाची थंडाई, आठवड्याला मटण, सगळं तसंच, "पैलवानाचं अंग हाय" म्हणून. वजन कुस्तीत होतं तेवढंच, १०२ चं १०४ झालं असंल. काटा म्हणतोय काय बदललं न्हाय. पण मांड्या गेल्या, दंड गेलं, सगळं पोटात आलं. पन्नाशीला स्टेंट पडला. म्हणजे ३३ वर असताना ३३ खोटा होता आणि पुढं तोच ३३ खरा झाला, आणि आम्ही दोन्ही येळेला हसलो.

कंदी_पेढा:
पैलवान, काळजात घुसलं हे.

गणिताचा_मास्तर:
थोडं आमच्या शेतातलं. मुलांना नेहमी विचारतो, एखाद्या वस्तूची उंची, रुंदी, जाडी सगळं दुप्पट केलं तर वजन किती पट? आठपट, घन. माणूस त्या हिशोबानं वाढला असता तर वजनाला उंचीच्या घनानं भागलं असतं. पण उंच माणूस म्हणजे बुटक्या माणसाची मोठी केलेली झेरॉक्स नसते, तो उंचीच्या मानानं सडपातळ असतो, म्हणून उत्तर वर्ग आणि घनाच्या मधे कुठंतरी येतं. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रेफेथेन या गणितज्ञानं सुचवलं की वर्गाऐवजी अडीचवा घात घ्या आणि वर १.३ नं गुणा. आता आमच्याकडं दीड मीटरच्या बायका भरपूर. १५० सेंमी, ५५ किलो: नेहमीचा बीएमआय २४.४, ट्रेफेथेनचा जवळजवळ २६. आणि १८५ सेंमी, ८५ किलोचा माणूस: नेहमीचा २४.८, नवा २३.७. म्हणजे आपलं सूत्र बुटक्यांना जरा सूट देतं आणि उंचांना दंड. फार मोठा फरक नाही, पण रेषेवर उभ्या असलेल्याला फरक पडतो. घात काहीही घ्या, स्नायू आणि चरबी वेगळी होणार नाहीत, हे पण खरं.

कंदी_पेढा:
मास्तर दहावीला तुमच्याकडं असतो तर पास झालो असतो.

भरती_बॅच_कोरेगाव:
आमच्या अकॅडमीत पोलीस भरतीची पोरं येतात. पुरुषांना उंची १६५, छाती ७९ आणि फुगवून ५ सेंमी जास्त, बायकांना उंची १५५. बाकी धावणं आणि गोळाफेक. वजनाचं कुणी विचारत नाही. मला ते जास्त पटतं, माणूस काय करू शकतो ते बघा. पोट असलेला पोरगा १६०० मीटरला आपोआप गळतो, चिठ्ठी लागत नाही.

हडकुळी_मिरज:
सगळे जाड्यांवर बोलताय म्हणून लिहिते. मी २६ वर्षांची, १६० सेंमी, ४४ किलो, बीएमआय १७.२. लहानपणापासून अशीच. लग्नाच्या बायोडेटात आई वजन ५० लिहिते आणि पाहुणे आले की मला दोन ड्रेस एकावर एक घालायला लावते, खोटं नाही सांगत. १८.५ च्या खाली म्हणजे कुपोषित असं एका ताईनं तोंडावर सांगितलं. हिमोग्लोबिन १२.८ आहे माझं. हे लोक जाडीला बोलायला कचरतात पण बारकीला बिनधास्त बोलतात, "काय गं खायला देत नाहीत का". तर मला विचारायचं होतं, खरंच काळजीचं आहे का माझं?

दवाखाना_रहिमतपूर:
पाळी नियमित आहे का, गेल्या सहा महिन्यांत वजन उतरलंय का, जिना चढताना दम लागतो का? पाळी ठीक, वजन वर्षानुवर्षं तेवढंच आणि थकवा नाही, तर घाबरू नका, एकदा थायरॉईड तपासून घ्या. वजन उतरत असेल तर मात्र लगेच दाखवा, कारण मग विषय टीबीपर्यंत पण जाऊ शकतो. आणि डाळ-अंडी वाढवा, थोडं वजन उचला, स्नायू आत्ताच करून ठेवायचे असतात.

हडकुळी_मिरज:
सगळं ठीक आहे डॉक्टर. थँक्यू. आईला स्क्रीनशॉट पाठवतेय.

वाईचा_घाट:
म्हाताऱ्यांचं कुणी बोललं नाही. माझी आई ७८ वर्षांची. तिची उंची पूर्वी १५७, आता मोजली तर १५२, पाठ वाकलीय. वजन ५४ चं ४८ झालं. आता गंमत बघा, जुन्या उंचीनं ४८ किलोचा बीएमआय १९.५ येतो, आत्ताच्या उंचीनं २०.८. दोन्ही नॉर्मल, तपासणीवाल्या पोरीनं "छान आहे आजी" म्हणून पाठवून दिलं. पण आईला आता खुर्चीतून हाताचा रेटा न लावता उठता येत नाही. सहा किलो गेले ते मांडीचे गेले असणार, दुसरं कुठलं जायला होतं काय तिच्याकडं.

दवाखाना_रहिमतपूर:
त्या वयात खुर्चीतून उठणं हीच तपासणी. उतरणारं वजन जास्त वाईट, चिठ्ठी कुठल्याही रंगाची असो.

यवतेश्वर_रनर:
माझं आपलं छोटंसं. सातारा हिल मॅरेथॉनसाठी तीन वर्षं घाट चढतोय. वजन सुरुवातीला ७४, आता ७३. बायको म्हणते पैसे बुटांत घालवले. पण पँट ३६ ची ३३ झाली आणि बीपीची गोळी अर्धी झाली. बीएमआय बघत बसलो असतो तर दुसऱ्या महिन्यात सोडून दिलं असतं.

आशाताई_जावळी:
मी आशा म्हणून काम करते, म्हणून हे सांगायला आले. आमच्याकडं तिशीच्या वरच्या माणसांचा एक फॉर्म असतो, त्यात बीएमआयचं गुणांकन नाहीच आहे! कंबरेचा घेर आहे. बायकांना ८० सेंमीपर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, ९० च्या वर दोन. पुरुषांना ९० पर्यंत शून्य, १०० पर्यंत एक, वर दोन. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, सगळ्याची बेरीज ४ च्या वर गेली की उपकेंद्रात आधी पाठवायचं. म्हणजे सरकारला माहितीय कंबर मोजायला पाहिजे.

पण मोजायची कशी ते मला विचारा. नऊवारीतली आजी, कासोटा मागं खोचलेला, कमरेला चंची, टेप कुठून फिरवू? साडीवरून मोजलं तर चार-पाच सेंमी फुकटचे. आणि पुरुष? शेतातून आलेला माणूस म्हणतो "ताई लांबूनच लिहा ९०". निम्म्या पुरुषांचा घेर आमच्या भागात ९० च आहे, बघा फॉर्म काढून 😅. काट्यावर उभं राहायला कुणी लाजत नाही, म्हणून काटा जिंकतो. शहरातल्या लोकांनी बीएमआयला नावं ठेवताना हे पण धरावं.

काठावरचा_माणूस:
आशाताई, या धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद. माझी माघार. म्हणजे अर्धी.

विश्रामबागची_ताई:
अर्धी का?

काठावरचा_माणूस:
कारण काटा फेकून द्या असं मी अजून म्हणणार नाही. पहिली चाळणी म्हणून राहू दे, फक्त हिरवी चिठ्ठी बंद करा. आकडा द्या, "उत्तम" लिहू नका.

दवाखाना_रहिमतपूर:
२०२५ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय तज्ञांच्या गटानं साधारण हेच सांगितलंय. नुसत्या बीएमआयवरून एखाद्याला लठ्ठपणाचा आजार आहे असं ठरवू नका, बरोबर कंबरेचं माप घ्या किंवा चरबी प्रत्यक्ष मोजा, ४० च्या वर बीएमआय असेल तर मात्र वेगळं मोजायची गरज नाही. आणि चरबी जास्त आहे पण अजून अवयवांना त्रास नाही, आणि चरबीमुळं त्रास सुरू झालाय, असे दोन वेगळे गट करा.

सेंमी लक्षात राहत नसतील तर एक सुतळी घ्या. उंचीएवढी कापा, मधे दुमडा, ती अर्धी सुतळी कंबरेभोवती पुरली पाहिजे. नाही पुरली तर रक्त तपासा, काटा काय म्हणतो ते नंतर.

विश्रामबागची_ताई:
हे आवडलं. आत्ता घेते. जागा नक्की कुठली डॉक्टर? मिस्टरांची पँट ३४ आहे, ते म्हणतात तेच कंबरेचं माप.

आशाताई_जावळी:
अगदीच नाही ताई! पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात, ती कंबर नव्हेच. शेवटची बरगडी हाताला लागते ती आणि खाली खुब्याचं हाड, या दोघांच्या बरोबर मधे. अंगावर कपडा नको, श्वास सोडून द्यायला सांगा आणि मगच टेप वाचा, टेप कातडीत रुतवायचा नाही.

विश्रामबागची_ताई:
झालं. माझी उंची १५८, कंबर ७८, सुतळी पुरून बोटभर उरली. मिस्टरांची उंची १७०, अर्धी सुतळी ८५ ची, ती पाठीमागून येऊन बेंबीच्या दोन्ही बाजूंना थांबली, मधे वीतभर नाही पण चार बोटं तरी मोकळं. टेपनं ९७. ते म्हणतात सुतळी पावसात आटली असणार.

तालीमवाला_पलूस:
🤣🤣 ताई पुन्यांदा मोजा, श्वास सोडलावता का त्यांनी?

विश्रामबागची_ताई:
सोडायला तयारच नव्हते. आत ओढून धरला तेव्हा ९३ आलं, तेच लिहा म्हणून मागं लागले होते. मग मी गप्पा मारत बसले, हळदीचा भाव विचारला, बोलायला लागले आणि पोट सुटलं, तेव्हा घेतलं.